शाळेची सकाळ: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या आईबाबांचे आहेत. तक्रार जवळपास एकच आहे: आरडाओरडा झाल्याशिवाय मूल शाळेला निघत नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगा सहा वर्षांचा आहे. साडेसहाला उठतो, साडेसातला घराबाहेर पडायचं असतं. तासभर 'आवर, आवर' करूनही रोज दहा मिनिटं उशीर होतोच. तो मुद्दाम करत असेल का?

मुद्दाम करत नाही. आधी बेरीज करून पाहा. नीट जागं होऊन अंथरुणाबाहेर यायला १० ते १५ मिनिटं, तोंड धुणं आणि दात घासणं ५, आंघोळ १०, कपडे १०, खाणं २०, शौचाला १०, बूट-मोजे आणि दप्तर ५. एकूण ७० ते ७५ मिनिटं झाली, आणि तुमच्या हातात आहेत ६०. म्हणजे तुमचा रोजचा उशीर या बेरजेतूनच निघतो. तो कितीही भरभर वागला तरी हे काम तासात बसणार नाही.

तुमच्या घरचे आकडे थोडे वेगळे असतील, म्हणून तीन दिवस फक्त वेळ लिहून काढा. कोणतं काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं, एवढंच. त्या तीन दिवसांत काही सुधारायला जाऊ नका. बहुतेक घरांत सगळीकडे थोडा थोडा वेळ जात नाही. एकदोन जागीच गाडी अडते: मोजे सापडत नाहीत, घास तोंडात तसाच राहतो, किंवा अर्धे कपडे घालून मूल खेळण्यात रमतं. दुरुस्ती त्याच जागी करायची.

मग कामं हलवा. आंघोळ रात्री झाली तर सकाळची १० मिनिटं सुटतात, आणि कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर झोपही सहज लागते. कपडे रात्रीच काढून ठेवा, आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत सगळे, घालायच्या क्रमाने एकावर एक, सुलटे करून. दप्तर रात्री भरून दाराजवळ ठेवा. सही करायचा कागद, खेळाच्या तासाचे बूट, ग्रंथालयाचं पुस्तक अशा ठरावीक वारी लागणाऱ्या वस्तूंची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावा आणि ती सकाळी नाही, रात्री वाचा. एवढं केलं की काम ५५ ते ६० मिनिटांवर येतं. आता उठायची वेळ सव्वासहा करा. हातात ७५ मिनिटं येतील आणि १५ मिनिटं शिल्लक राहतील. ती शिल्लक बूट घालण्याच्या आधी ठेवा. आवरून झालं की बूट चढवेपर्यंतचा वेळ त्याचा, हवं ते खेळू दे. ती शिल्लक सुरुवातीला 'अजून पाच मिनिटं झोपू दे' म्हणून खर्च केली, तर नंतर काही सांडलं किंवा सापडलं नाही की पुन्हा ओरडा सुरू.

आता सांगण्याच्या पद्धतीबद्दल. 'आवर' या एका शब्दात सहासात कामं दडलेली असतात. मोठ्यांना ती आपोआप दिसतात, सहा वर्षांच्या मुलाला नाही. स्वयंपाकघरातून हाक मारून सांगितलेलं त्याच्या कानावर पडतं, पण हातातलं खेळणं सुटत नाही. जवळ जा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या, नाव घ्या, एकच काम सांगा ("आता शर्ट घाल") आणि दहाएक सेकंद थांबा. त्या दहा सेकंदांत पुन्हा सांगू नका. एकच गोष्ट पाचदा ऐकायची सवय लागली की पहिल्या चार वेळा मूल हलत नाही, कारण पाचवी वेळ येणार हे त्याला ठाऊक असतं.

'पाच मिनिटांत निघायचंय' यातूनही या वयात काही हाती लागत नाही. पाच मिनिटं म्हणजे किती, याचा अंदाज मुलांना यायला बराच काळ लागतो, अगदी घड्याळ वाचता येऊ लागलं तरी. वेळ डोळ्यांना दिसला पाहिजे. वाळूचं घड्याळ किंवा रंगीत भाग हळूहळू कमी होत जाणारी टायमरची तबकडी उपयोगी पडते. ओळखीची गाणीही चालतात: हे गाणं संपेपर्यंत कपडे, पुढचं संपेपर्यंत केस.

चित्रांचा तक्ता लावणार असाल तर पाचसहा चित्रांपुढे जाऊ नका. तयार चित्रांपेक्षा तुमच्याच मुलाचे ती ती कामं करतानाचे फोटो चांगले. तक्ता त्याच्या नजरेच्या उंचीवर हवा, मोठ्यांच्या नाही, आणि कामाच्या जागी हवा. दात घासण्याचं चित्र न्हाणीघरात, बुटांचं दाराजवळ. काम झालं की चिमटा त्याने स्वतः पुढच्या चित्रावर सरकवायचा. तुम्ही विचारायचं एवढंच, "आता पुढे काय आहे?" हुकूम तक्त्याकडून येऊ लागला की आईबाबांशी हुज्जत घालण्याचं कारण कमी होतं.

टीव्ही आणि मोबाइलबद्दल आमचं मत ठाम आहे: शाळेच्या दिवशी सकाळी नको. 'आवरलं की बघ' हेही नको, कारण मग निघायच्या क्षणी तो बंद करावा लागतो आणि शांत गेलेल्या सकाळीचा शेवट रडण्यात होतो.

कपडे आधी की खाणं आधी? सासूबाई म्हणतात खाणं आधी, नाहीतर गणवेशावर सांडतं.

सांडण्याची भीती खरी आहे, पण आम्ही कपडे आधी म्हणू. खाणं हे मुलाला हवंसं काम असतं, कपडे नकोसं. नकोसं काम हव्याशा कामाच्या आधी ठेवलं तर ते भराभर होतं. उलटं ठेवलं की खाणं लांबत जातं, कारण पुढे कपडे वाट बघत असतात. डागांसाठी गणवेशावर मोठ्या माणसाचा जुना शर्ट मागून घालून द्या, बटणं पाठीवर येतील असा. भूक लागल्याशिवाय ज्याला काही सुचतच नाही, अशा मुलाला उठल्या उठल्या चार घास देऊन मग कपडे, हा अपवाद चालेल.

दात मात्र खाण्याच्या आधी घासलेले सोयीचे. आंबट फळ किंवा फळांचा रस घेतल्यावर लगेच घासणं दातांच्या वरच्या थराला चांगलं नसतं, अर्धा तास थांबावं लागतं, आणि तो अर्धा तास तुमच्याकडे नसतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइड पेस्ट, त्याहून लहान असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी. दोन मिनिटं घासायचं, फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही. सातआठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनी फिरवावा. त्याआधी मुलाचं मनगट मागच्या दाढांपर्यंत नीट वळत नाही.

मुलगी चार वर्षांची. सकाळी उठवलं की रडते, लाथा मारते. रात्री साडेदहाला झोपते, पावणेसातला उठवावं लागतं.

साडेदहा ते पावणेसात म्हणजे सव्वाआठ तास. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाची झोप धरून २४ तासांत १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२. दुपारी ती तासभर झोपत असेल तरी भर सव्वानऊचीच. रडणं हट्टामुळे नाही, झोप अपुरी पडते म्हणून आहे, आणि त्यावरचा उपाय आदल्या संध्याकाळी करायचा असतो.

झोपायची वेळ एकदम दीड तास मागे ओढू नका. ती अंथरुणात जागी पडून राहील आणि झोपायची वेळही भांडणाची होईल. दर दोनतीन दिवसांनी १५ मिनिटं मागे घ्या. साडेदहावरून नऊवर यायला सहा टप्पे, म्हणजे दोन ते अडीच आठवडे लागतील. पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी सोबत करा. झोपण्याआधी तासभर पडदे बंद, म्हणजे मोबाइल आणि टीव्ही दोन्ही. घरातले दिवे मंद. आणि रोज त्याच क्रमाने आंघोळ, गोष्ट, अंथरूण, अर्ध्या तासाच्या आत. दुपारी ती चारनंतरही झोपत असेल तर आधी ती झोप लवकर घ्या किंवा छोटी करा. नाहीतर बाकीच्या प्रयत्नांना यश येणार नाही.

उठवताना आधी खिडकी उघडा, हाक नंतर. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ पुढे आणतो, त्यामुळे रात्रीची झोपही लवकर येऊ लागते. उठल्यावर १५ ते ३० मिनिटं मेंदू अर्धवट झोपेतच असतो, मोठ्यांचाही. त्या वेळात प्रश्न विचारू नका, निवड करायला लावू नका, कपडे चढवायची घाई नको. पाठीवर हात फिरवा, पाणी द्या, मांडीवर घ्या. सुट्टीच्या दिवशी उठायच्या वेळेत तासाभराहून जास्त फरक पडू देऊ नका. दोन दिवस नऊपर्यंत झोपलेल्या मुलाचा सोमवार कठीण जातोच.

एक गोष्ट तपासून घ्या. पुरेसे तास झोपूनही मूल थकलेलं उठत असेल, आठवड्यातल्या तीनहून जास्त रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा झोपेत श्वास अडखळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढलेले टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी हे या वयात नेहमी आढळणारं कारण आहे, आणि त्यावर उपचार होतात.

सकाळी काही खात नाही आणि डबाही तसाच परत येतो.

उठल्यापासून पहिल्या १५-२० मिनिटांत बऱ्याच मुलांना भूकच नसते. म्हणून खाणं उठल्यावर अर्ध्या तासाने येईल असा क्रम लावा. रात्रीचं जेवण उशिरा होत असेल किंवा उठल्या उठल्या मोठा पेलाभर दूध जात असेल, तर भूक तिथेच मेली. दूध अर्धा पेला आणि खाण्यासोबत द्या. ताटलीत मुलाला संपवता येईल त्याहून थोडं कमी वाढा, मागितलं तर आणखी द्या. वेळ २० मिनिटं, मग ताटली उचला, बोल न लावता. भरवत बसलात तर घास तोंडात धरून बसायची सवय लागते आणि तेच २० मिनिटं ४० होतात. आजारी नसलेलं, वजन नीट वाढणारं मूल एखाद्या सकाळी कमी खाऊन गेलं तर काही बिघडत नाही. मधल्या सुट्टीसाठी सोबत थोडं जास्त द्या.

डब्याचं कारण अनेकदा आवडीनिवडीत नसतं, झाकणात असतं. घट्ट झाकण लहान हातांना उघडत नाही आणि मूल लाजून कोणाला सांगत नाही. नवा डबा आधी घरी उघडून, खाऊन, बंद करून घ्या, पाण्याची बाटलीही तशीच. मधली सुट्टी किती मिनिटांची असते तेही विचारा. हात धुणं आणि रांग वजा केली की खायला दहाबारा मिनिटंच उरतात, आणि त्यात मावेल एवढंच डब्यात हवं. एका घासात जाणारे तुकडे करा, सोलायचं ते सोलून द्या.

अन्नाच्या तापमानाकडे लक्ष द्या. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जंतू वेगाने वाढतात, म्हणून नाशवंत पदार्थ त्या तापमानात दोन तासांहून जास्त राहू नये. हवा फार तापलेली असेल तर एक तासही पुष्कळ झाला. गरम द्यायचं असेल तर उष्णता धरणाऱ्या डब्यात आधी उकळतं पाणी भरून ५ ते १० मिनिटं ठेवा, ओतून टाका आणि मग वाफाळतं अन्न भरा. थंड डब्यात कोमट अन्न भरलं तर ते सुरुवातीपासूनच या धोक्याच्या पट्ट्यात असतं. गार द्यायचं असेल तर बर्फाची पिशवी डब्यावर ठेवा, कारण गारवा खाली उतरतो. रात्रीचा भात बाहेर राहिला असेल तर डब्यात नको. त्यात तयार होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षं आणि अख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा.

बूट घालून दारात उभं राहिलं की 'शी आली'. रोज.

हे शरीराच्या नियमानुसारच चाललं आहे. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं आणि खाण्यानंतर १५ ते ३० मिनिटांत शौचाची भावना येते. तुमच्या क्रमात ती वेळ नेमकी दारात गाठते. नाश्ता १५-२० मिनिटं अलीकडे घ्या आणि खाणं झाल्यावर ५ ते १० मिनिटं शौचालयात बसण्याची वेळ ठेवा, आली असो वा नसो. खुर्चीसारखं शौचकूप असेल तर पाय लोंबकळत ठेवू नका. गुडघे कमरेच्या थोडे वर येतील एवढं पायाखाली स्टूल द्या, लहान बैठक लावा. घाई केली की मूल दाबून धरतं, मळ कोरडा आणि कडक होतो, मग दुखतं, आणि दुखलं की ते आणखी दाबून धरतं. शौच आठवड्यातून तीनदाहून कमी होत असेल, कडक होत असेल किंवा चड्डीला सतत डाग दिसत असतील, तर डॉक्टरांकडे जा. ते डाग निष्काळजीपणाचे नसतात. आत साठून राहिलेल्या मळाच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो, आणि त्यासाठी रागावणं हा मुलावर अन्याय आहे.

घरात मोठी माणसं एकटी मीच. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीनची. दोघांचं एकदम कसं आवरायचं?

एकदम आवरूच नका. उठवण्यात १५ ते २० मिनिटांचं अंतर ठेवा. आधी कोणाला? जो स्वतःचं स्वतः करू शकतो त्याला, म्हणजे मुलाला. तो कपड्यांपर्यंत पोचला की मुलीला उठवा. न्हाणीघराची टक्करही त्यामुळे टळते. त्याआधी तुम्ही स्वतः बुटांपर्यंत तयार हवं. मुलांच्या २५-३० मिनिटं आधी उठणं जिवावर येतं, पण एकट्या माणसासाठी एवढ्या फायद्याचा दुसरा बदल आम्हाला माहीत नाही. मुलं आवरत असताना तुम्ही तुमचं आवरत असलात तर तिघांचं एकाच वेळी अडतं.

धाकटीचे वरचे कपडे आणि लंगोट अगदी शेवटी बदला. दहा मिनिटं आधी बदललात तर पुन्हा बदलावे लागण्याची शक्यता मोठी. मोठ्याला 'तिच्याकडे बघ' असं मोघम काम देऊ नका, ठरावीक द्या: तिची बाटली पिशवीत ठेवणं, तिचे मोजे आणणं. आणि दोघांची शर्यत लावू नका. धाकटी रोज हरते आणि एक दिवस आवरायचंच थांबवते.

बूट उलटसुलट घालतो, लेस बांधता येत नाही.

एक गोल चिकटचित्र मधोमध कापा. डावा अर्धा डाव्या बुटाच्या आत टाचेशी, उजवा अर्धा उजव्या बुटात, कापलेल्या कडा एकमेकींकडे. बूट शेजारी ठेवले की चित्र जुळलं पाहिजे. लेस शिकवायची ती सुट्टीच्या दिवशी आणि शेवटाकडून: सगळं तुम्ही बांधा, शेवटचं ओढणं त्याचं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरीही त्याची. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं, म्हणून तो कंटाळत नाही. बटणंही याच रीतीने. तोवर शाळेची परवानगी असेल तर चिकटपट्टीचे बूट घ्या. मोज्याची शिवण टोचते म्हणून रडणारी मुलं नाटक करत नाहीत, त्यांना मोजे उलटे घालून द्या.

चांदण्यांचा तक्ता केला होता. दोन आठवडे छान चाललं, मग मुलीला त्याचं काही वाटेना.

दोन आठवडे हे त्याचं साधारण आयुष्यच. चांदणी सवय लावण्यापुरती असते. जे काम आता आपोआप होतं त्याची चांदणी बंद करा आणि फक्त अडणारं एक काम त्यावर ठेवा. बक्षीस वस्तूचं असेल तर ते वाढवत न्यावं लागतं, म्हणून वेळेचं द्या: निघण्याआधी एक गोष्ट, संध्याकाळचा खेळ तिने ठरवायचा. दिलेली चांदणी रागात काढून घेतली असेल तर मात्र तक्ता त्या दिवशीच मेला. नवा करा.

दर सोमवारी पोटात दुखतं म्हणते. शाळेच्या फाटकाशी पाय घट्ट रोवते.

दुखणं खरं असतं हे आधी धरून चला. काळजीने लहान मुलांचं पोट खरोखर दुखतं, बहुधा बेंबीभोवती, आणि सुट्टीत ते थांबतं. पण ताप, उलट्या, वजन घटणं, शौचात रक्त, झोपेतून जागं करणारं दुखणं, लघवीला जळजळ किंवा बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे न्या, शाळेचा विषय नंतर.

हे नसेल तर शाळा चुकवू नका. घरी राहिलं की दुखणं तासाभरात थांबतं आणि पुढच्या सोमवारी ते आणखी जोरात येतं. त्याचबरोबर कारण शोधा, पण सकाळी नाही. संध्याकाळी खेळताना, शेजारी बसून, "मधल्या सुट्टीत कोणासोबत बसतेस?" असे छोटे प्रश्न विचारा. "शाळा का आवडत नाही?" याचं उत्तर चार-सहा वर्षांच्या मुलाला देता येत नाही. शौचालयाची भीती, कोणाचं चिडवणं, मैत्रीण दुसरीकडे बसू लागणं, अशी कारणं हळूहळू बाहेर येतात. सोमवारचा ताण कमी करायला रविवारी संध्याकाळी पाहुणे किंवा उशिराचा कार्यक्रम टाळा आणि दप्तर रविवारी दुपारीच तिच्यासोबत भरा.

फाटकाशी निरोप ठरलेला आणि छोटा हवा: मिठी, तेच एक वाक्य, आणि कोण कधी घ्यायला येणार ते. वेळ घड्याळात नाही, तिच्या दिवसात सांगा, जसं "शेवटची गोष्ट संपली की मी दारात". तिचं लक्ष नसताना गुपचूप निघून जाऊ नका. त्याने दुसऱ्या दिवशी ती तुमचा हात आणखी घट्ट धरते. परत वळून दोनदा येऊही नका. वर्गशिक्षकांशी आधी बोलून ठेवा, म्हणजे फाटकाशी कोणीतरी तिचा हात धरेल आणि आत गेल्यावर तिला एखादं काम मिळेल, हजेरीची वही नेऊन देण्यासारखं. रडणं किती वेळ टिकतं तेही शिक्षकांना विचारा. बहुतेकदा तुम्ही नजरेआड झालात की थोड्याच वेळात थांबतं. तीन आठवडे नियमाने असं करूनही ते कमी झालं नाही, किंवा मूल आधी हौसेने जात होतं आणि अचानक नको म्हणू लागलं, तर शाळेच्या समुपदेशकांची किंवा बालमानसतज्ज्ञांची भेट घ्या.